आयबीएसवालं बद्धकोष्ठ: चूर्णापासून फुग्यापर्यंत

बद्धकोष्ठ म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात एक उपाय तयार असतो. कोमट पाणी पी, रात्री दुधात तूप घाल, मनुका भिजव, एरंडेल घे, त्रिफळा घे, आणि यातलं काहीच चाललं नाही तर मेडिकलमधून ते चूर्ण आण. मी हे सगळं केलंय, त्यामुळे कुणाची चेष्टा करत नाहीये, साध्या बद्धकोष्ठाला यातलं बरंचसं लागूही पडतं. पण माझं दुखणं साधं बद्धकोष्ठ नव्हतंच, ते आयबीएस-सी होतं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतडं चिडण्याच्या दुखण्याचा बद्धकोष्ठवाला प्रकार, आणि हे समजेपर्यंत बरीच वर्षं गेली. याच्यावर मराठीत कुणी बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, मूळव्याधीवरसुद्धा बोलतात पण यावर नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. जेवताना वाचू नका एवढंच.

आधी काय व्हायचं ते सांगते. दोन दोन तीन तीन दिवस संडासला व्हायचं नाही, झालं तर खडा, लेंड्यांसारखं, आणि ते होण्याआधी बेंबीच्या खाली डाव्या बाजूला कळ यायची. झालं की कळ थोडी कमी व्हायची. दुपारनंतर पोट इतकं फुगायचं की सकाळी नीट बसलेला कुर्ता चार वाजता घट्ट व्हायचा, सलवारची नाडी ऑफिसच्या बाथरूममध्ये सैल करायला लागायची. गुबारा धरायचा, वात सरायचा नाही. आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे होऊन गेल्यावरसुद्धा अजून राहिलंय, अजून राहिलंय असं वाटत राहायचं. मग परत बसा, परत कुंथा, बाहेर नवरा दार वाजवतोय, पोराची शाळेची बस येतेय.

मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. सकाळची फास्ट लोकल पकडायची तर साडेसातच्या आत घर सोडावं लागतं, त्याआधी डबे, पोराचं आवरणं. पोटाची जी नैसर्गिक वेळ असते ती नेमकी या गडबडीतली. सकाळी उठून काही पोटात गेलं की मोठं आतडं जागं होतं आणि पुढे ढकलायला लागतं, याला गॅस्ट्रोकॉलिक रिफ्लेक्स म्हणतात आणि तो सकाळी सगळ्यात जोरात असतो, हे मला फार नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी तर चहा पण उभ्या उभ्या प्यायचे आणि पोटाने दिलेली हाक दाबून स्टेशनला पळायचे. ट्रेनमध्ये तर प्रश्नच नाही. ऑफिसात लेडीज टॉयलेट एकच, बाहेर रांग, आत फ्लशला पाणी येईल की नाही याची खात्री नाही, कोण जाणार तिथे दोन नंबरला? लोकलने येणाऱ्या जाणाऱ्या बायकांना हे सांगायला नको, आपण पाणीसुद्धा मोजून पितो.

तर मग सुरुवातीला फॅमिली डॉक्टर. कधीकधी शेंबडासारखा चिकट पदार्थ पडायचा, मी म्हटलं आव पडते, डॉक्टर म्हणाले आमांश आहे, जंताची आणि आवेची गोळी दिली. ती कडू गोळी तोंडाची चव घालवते ते वेगळंच. पुढच्या वेळी परत तेच. आयबीएसमध्ये सुद्धा आव पडू शकते आणि दर वेळी तिचा अर्थ इन्फेक्शन होत नाही, ही गोष्ट तेव्हा कुणी बोललं नाही. आपल्याकडे आव म्हटलं की अमिबा हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की कित्येकांचे त्या गोळ्यांचे कोर्सवर कोर्स होतात.

मग चूर्ण. सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढं काय त्यात, आमच्याकडे सगळे घेतात, सकाळी मोकळं होतं." आणि खरंच व्हायचं. रात्री एक चमचा, पहाटे कळा येऊन पातळ, आणि मग दोन दिवस पुन्हा काहीच नाही, म्हणून पुन्हा एक चमचा, मग दीड. त्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलेलं असतं. सोनामुखी म्हणजे सेन्ना. आतड्याला चिमटा काढून आकुंचन करायला लावणारं औषध आहे ते, अधूनमधून घ्यायला चालतं, पण ज्याचं आतडं आधीच आखडून कळा देतंय त्याला रोज हेच द्यायचं म्हणजे कळा वाढणारच. आयुर्वेदिक आहे म्हणून काही होत नाही असं आपण धरून चालतो, औषध ते औषधच.

गॅस्ट्रोकडे, म्हणजे पोटाच्या स्पेशालिस्टकडे, गेले ते शेवटी माझ्या बहिणीने धरून नेलं म्हणून. ठाण्यातले डॉक्टर, वयस्कर, बोलायला शांत. त्यांनी पोट दाबून बघायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. पोट दुखतं का, आठवड्यातून किमान एक दिवस तरी? गेले तीन महिने? दुखणं संडासला जाण्याशी जोडलेलं आहे का, म्हणजे गेल्यावर कमी किंवा जास्त होतं का? दुखायला लागल्यापासून जाण्याची संख्या बदलली का, स्वरूप बदललं का? हे सगळं सुरू होऊन सहा महिने तरी झालेत का? हे प्रश्न त्यांच्या मनचे नव्हते, रोम निकष म्हणून आहेत, २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती आली, आयबीएसचं निदान त्यावर करतात. यात पोटदुखी हवीच. नुसतं होत नाही, दुखत नाही, तर ते साधं जुनाट बद्धकोष्ठ. मला इथेच पहिल्यांदा कळलं की माझा मुख्य आजार दुखणं हा आहे, न होणं हा त्याचा एक भाग आहे, आणि मी इतकी वर्षं फक्त न होण्याच्या मागे लागले होते.

मग त्यांनी टेबलाच्या काचेखालचा एक चार्ट दाखवला. सात चित्रं. ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणतात, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी बनवलेला. एक नंबर म्हणजे सुट्या कडक गोळ्या, दोन म्हणजे गोळ्या चिकटून झालेला खडबडीत तुकडा, तीन-चार म्हणजे व्यवस्थित, आणि मग पातळ होत होत सात म्हणजे नुसतं पाणी. बोट ठेवा म्हणाले. लाज वाटली पण ठेवलं, एक आणि दोनवर. चूर्ण घेतलं की सहा. ते म्हणाले चूर्ण घेतलेल्या दिवसाचं धरू नका, औषधाशिवायचं सांगा. एक-दोन नंबरची चारातल्या एकाहून जास्त वेळा आणि सहा-सात नंबरची चारातल्या एकाहून कमी वेळा, तर तो बद्धकोष्ठवाला प्रकार. मला त्या चार्टचं फार बरं वाटलं खरं सांगू तर, कारण आपल्याकडे ही गोष्ट सांगायला भाषा असून सुद्धा डॉक्टरसमोर तोंडातून शब्द फुटत नाही, नंबर सांगता येतो.

पुढचे प्रश्न घाबरवणारे होते पण ते विचारलेच पाहिजेत, तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही स्वतःहून सांगा. रक्त पडतं का, प्रयत्न न करता वजन कमी झालंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, आणि हे सगळं पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर नव्याने सुरू झालंय का. यातलं काही असेल तर आयबीएस आयबीएस म्हणत घरी बसायचं नाही. माझं हिमोग्लोबिन कमी होतं. ते पाळीमुळे असण्याची शक्यता जास्त होती, पण माझ्या मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला, म्हणून त्यांनी कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. रक्ताच्या टेस्टमध्ये थायरॉइड, साखर, कॅल्शियम, आणि सीलिॲकची टेस्ट, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार. थायरॉइड कमी असेल तर आतडं मंदावतं, आणि बायकांमध्ये ते इतकं असतं की टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, न करता कुणी बद्धकोष्ठावर वर्षभर औषध देत असेल तर तो मला वेळेचा अपव्यय वाटतो. आणि एक, मी घेत असलेली लोहाची आणि कॅल्शियमची गोळी. दोन्ही बद्धकोष्ठ करतात. लोहाची त्यांनी बदलून दिली, एक दिवसाआड केली.

कोलोनोस्कोपीबद्दल लोक फार भीती घालतात. तपासणीत काही नाही, झोपेचं इंजेक्शन देतात, कळत पण नाही. आदल्या दिवशी ते लिटरच्या लिटर खारट पाणी प्यायचं तेच खरं काम आहे. थंड करून, लिंबू पिळून, नाक धरून प्या. रिपोर्ट नॉर्मल आला, गाठ नाही, व्रण नाही, फक्त एक ओळ होती, मेलॅनोसिस कोलाय. आतड्याच्या आतल्या अस्तरावर काळपट तपकिरी डाग. डॉक्टरांनी फोटो दाखवून विचारलं, चूर्ण किती वर्षं घेताय? म्हटलं तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, सोनामुखी वर्षानुवर्षं घेतली की असा रंग चढतो, त्याने नुकसान काही होत नाही, बंद केलं की हळूहळू जातो, पण डाग खोटं बोलत नाहीत. नवरा बाहेर आल्यावर हसत होता, म्हणे आईला फोटो फ्रेम करून देऊ.

आता मुद्द्याचं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की पेशंटला राग येतो, मला आला. म्हणजे दुखतंय ते खोटं का? डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या शब्दात सांगते. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं, त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन सुद्धा पोटातच असतं. आयबीएसमध्ये या बोलण्याचा आवाज मोठा झालेला असतो. इतरांना जेवढा गॅस जाणवत पण नाही तेवढ्याने आपल्याला कळ येते. आणि म्हणूनच ते अजून राहिलंय अजून राहिलंय वाटणं. आत काही राहिलेलं असेलच असं नाही. वाटतं. तेच तर दुखणं आहे. आणि मी त्या वाटण्याच्या मागे लागून कुंथत बसायचे, त्याने खालचा भाग आणखी चिडायचा आणि आणखी वाटायचं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी सरळ झालं. लहानपणापासून पोट साफ झालं का हा एकच प्रश्न ऐकत आलोय, आणि मला ज्या अर्थाने ते साफ हवं होतं तसं ते चूर्ण पिऊनही कधी होणार नव्हतं.

मग उपचार. पहिलं काय तर चूर्ण बंद, आणि पिठात मिसळायचे तो गव्हाचा कोंडा पण बंद. याचं मला आश्चर्य वाटलं, फायबर वाढवा असंच सगळीकडे वाचलं होतं ना. फायबर फायबरमध्ये फरक आहे. कोंड्यासारखं न विरघळणारं जाड फायबर आयबीएसवाल्यांना उलट फुगवू शकतं, विरघळणारं चालतं, आणि त्यातलं आपल्या घरातलं म्हणजे इसबगोल. गुजरातमध्ये उंझ्याच्या बाजाराचा माल, जगभर जातो, आणि परदेशातले डॉक्टर सुद्धा आयबीएसला हेच लिहून देतात. इसबगोल पाण्यात फुगून जेली होतं आणि फार आंबत नाही, म्हणून गॅस कमी. पण घ्यायची पद्धत आहे. मी आधी दोन मोठे चमचे थोड्याशा पाण्यात कालवून गिळायचे आणि दगड ठेवल्यासारखं व्हायचं. आता अर्ध्या चमच्यापासून सुरू करून दर आठवड्याला थोडं वाढवायला सांगितलं, पूर्ण मोठा ग्लास पाणी, ढवळून लगेच प्यायचं. आणि थायरॉइडची वगैरे गोळी असेल तर तिच्यापासून दोन-तीन तास लांब. पहिले काही दिवस पोट जास्त फुगलं, मग बसलं. ज्यांनी इसबगोल आम्हाला सूट होत नाही म्हणून सोडलंय त्यातल्या निम्म्यांनी पहिल्याच रात्री दोन चमचे मारलेले असतात असा माझा अंदाज आहे.

त्याच्या जोडीला पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, दिवसाला १७ ग्रॅम, पाण्यात विरघळवून. हे आतड्यात शोषलंच जात नाही, स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतं त्यामुळे मळ मऊ राहतो, चिमटा काढत नाही. आधी एका डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं गोड सिरप दिलेलं, ते आतल्या जंतूंना खाऊ मिळाल्यासारखं होतं, आंबतं आणि गॅस होतो, मला तर त्याने ढोल वाजायचा. पीईजीने नंबर एक-दोनवरून तीनवर आला. पण कळ तशीच. डॉक्टर म्हणाले बरोबर आहे, याने होणं सुधारतं, दुखण्यावर याचा भरवसा नाही. दुखण्यासाठी मेबेव्हरिन, आतड्याचं आखडणं सैल करणारी गोळी, जेवणाआधी, आणि पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल. पेपरमिंटने मला छातीत जळजळ झाली म्हणून बंद केल्या, मेबेव्हरिनचा बऱ्यापैकी उपयोग झाला.

खाण्याचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. डाएटिशियनने लो-फॉडमॅप करायला लावलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचं हे काम आहे. गहू, कांदा, लसूण, कडधान्यं, दूध, काही फळं यात अशा प्रकारची साखर आणि पिष्टं असतात जी लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, पाणी ओढतात, फुगवतात. सगळं दोन ते सहा आठवडे बंद करायचं, मग एकेक परत आणून बघायचं, मग आपल्याला जे सोसतं ते कायम. लोक पहिल्या पायरीवरच अडकतात आणि वर्षभर भात आणि काकडीवर राहतात, ते चुकीचं आहे, अशाने फायबर कमी पडून बद्धकोष्ठ वाढेल.

मराठी स्वयंपाकात कांदा-लसूण बंद म्हणजे चूल बंद. सासूबाई म्हणाल्या, "आपण काय चातुर्मास पाळतोय का?" पण चातुर्मासाचा स्वयंपाक आपल्याला येतो ना, तोच कामी आला. आणि डाएटिशियनने एक भारी गोष्ट सांगितली, लसणातला त्रास देणारा भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणजे फोडणीच्या तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तळायच्या आणि काढून टाकायच्या, वास सगळा तेलात राहतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. ज्वारीची भाकरी चालते, भात चालतो, शेंगदाणे चालतात, वांगी चालतात, पपई चालते. आणि धक्का म्हणजे भिजवलेल्या मनुका आणि सुकं अंजीर, आजीपासून चालत आलेला उपाय, हे दोन्ही या यादीत लाल रंगात. त्याने होतं हे खरं, पण त्यातली साखर आंबते म्हणून ज्याला फुगण्याचा त्रास आहे त्याला दोन्ही बाजूंनी. केळ्याचं पण उलटं, फार पिकलेलं त्रास देतं, जरा टणक असलेलं चालतं. आंबा? आंब्याच्या सीझनला मी आहार वगैरे काही मानत नाही, एक फोड एक फोड करत खाते आणि भोगते.

परत आणताना माझं जे निघालं ते असं, दूध चहापुरतं व्यवस्थित सोसतं, दोन पोळ्या चालतात पण पाव नाही, तुरीचं वरण एक वाटी ठीक, राजमा आणि चवळी नाही, मटकी भिजवून मोड आणून पाणी फेकून शिजवली तर थोडी चालते, शिजलेला कांदा थोडा चालतो, कच्चा नाही, लसूण चिरून घातला की संपलं. तुमचं वेगळं निघेल, माझी यादी उचलू नका. उपासाचं पण लक्षात घ्या, साबुदाण्यात फायबर जवळपास नसतं, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी माझं ठरलेलं, काही नाही. आता उपासाला भगर आणि राजगिरा, सोबत पपई.

एवढं सगळं करून बरं वाटायला लागलं होतं, साठ टक्के म्हणा, पण ती कुंथण्याची आणि अर्धवट वाटण्याची तक्रार जाईना. मऊ असून सुद्धा बाहेर येईना. तेव्हा डॉक्टर म्हणाले मॅनोमेट्री करून घेऊ. आता हा जो भाग आहे तो सगळ्यात लाजिरवाणा आणि सगळ्यात उपयोगी.

ॲनोरेक्टल मॅनोमेट्री म्हणजे बोटापेक्षा बारीक नळी, तिच्यावर सेन्सर, ती गुदद्वारातून थोडी आत सरकवतात. भूल नाही, दुखत नाही, विचित्र वाटतं. कुशीवर झोपायचं. टेक्निशियन बाई होत्या, फार चांगल्या, सतत बोलत होत्या. आवळा. सोडा. खोका. आता संडासला ढकलतो तसं ढकला. स्क्रीनवर रंग बदलत होते. मग आत एक छोटा फुगा हळूहळू फुगवतात आणि विचारतात कधी जाणवलं, कधी जावंसं वाटलं, कधी सहन होईना. मी फारच लवकर थांबा म्हणाले. बाई म्हणाल्या इतक्या कमीला बहुतेकांना नुसतं जाणवतं. म्हणजे ते आवाज मोठा झालाय वालं प्रकरण तिथे आकड्यात दिसलं, मी खोटं बोलत नव्हते. शेवटची टेस्ट म्हणजे ५० मिली पाणी भरलेला फुगा आत ठेवतात आणि पडद्यामागे कमोडवर बसवतात, काढा बाहेर. साधारण मिनिटभरात निघायला हवा. मी घामाघूम झाले, निघाला नाही.

निदान असं की ढकलताना जो स्नायू सैल व्हायला पाहिजे तो माझा उलटा आवळला जातो. डिसिनर्जिक डिफेकेशन. दार बाहेरच्या बाजूला ढकलायचं आणि त्याच वेळी आतून कडी धरून ठेवायची, तसं माझं चाललं होतं, आणि जितकं जोरात कुंथावं तितकी कडी घट्ट. आयबीएस-सीवाल्या बऱ्याच जणांमध्ये हे सोबत असतं, आणि हे असेल तर कितीही जुलाबाचं औषध घ्या, अर्धवटच वाटणार. वर्षानुवर्षं हाक दाबून ठेवल्याने, कडक मळाला कुंथल्याने, बाळंतपणानंतर, अशा कारणांनी ही सवय लागू शकते. लोकल पकडणाऱ्या बाईला हे सगळं लागू.

यावर औषध नाही, शिकवणी आहे. बायोफीडबॅक. तीच नळी, समोर स्क्रीनवर दोन रेषा, एक पोटाच्या जोराची आणि एक खालच्या स्नायूची. पहिली वर न्यायची, दुसरी खाली आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या काही सिटिंगला माझ्या दोन्ही रेषा एकत्र वर जायच्या आणि मला रडू यायचं. मग त्यांनी श्वास शिकवला, छातीने नाही पोटाने, पोट पुढे फुगवून कंबरेपाशी रुंद करायचं, तोंड किंचित उघडं, दात आवळायचे नाहीत. जबडा आवळला की खालचं पण आवळतं म्हणे, खरं खोटं माहीत नाही पण मला उपयोग झाला. काही आठवड्यांनी रेषा वेगळ्या व्हायला लागल्या. मुंबई-ठाण्यात हे मोजक्या ठिकाणीच करतात, शोधावं लागतं, आणि मेडिक्लेममध्ये बसत नाही, माझं तरी बसलं नाही.

बसण्याचं पण शिकवलं. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि नव्या फ्लॅटमध्ये दोन्हीकडे कमोड, आधी एक भारतीय पद्धतीचं होतं. उकिडवं बसलं की गुदाशयाचा जो कोन असतो तो सरळ होतो, त्याला धरून ठेवणारा पट्टा सैल पडतो. कमोडवर ते होत नाही. उपाय म्हणजे पायाखाली स्टूल, आंघोळीचं प्लॅस्टिकचं बुटकं असतं ते, गुडघे कंबरेच्या वर यायला हवेत, कोपर गुडघ्यावर, पाठ सरळ पुढे झुकलेली. पोरगा त्याला आईचं सिंहासन म्हणतो. आणि वेळ. न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसायचं, पाच-सात मिनिटांत नाही झालं तर उठायचं, मोबाइल बाहेर. झालं आणि अजून राहिलंय वाटलं तरी उठायचं. हे सगळ्यात अवघड गेलं मला, त्या वाटण्याकडे पाठ करून हात धुऊन बाहेर येणं. पण खरंच, दहा मिनिटांत ते वाटणं आपोआप विरतं.

यासाठी सकाळ बदलावी लागली, दुसरा इलाज नाही. डबे रात्री अर्धे तयार, पोराचं आवरणं नवऱ्याकडे, आणि मी दोन ट्रेन उशिराने. साहेबांना मेडिकल कारण सांगून वेळ अर्धा तास पुढे घेतली. काय कारण ते सांगितलं नाही, गॅस्ट्रोचं सर्टिफिकेट बघून त्यांनी पण विचारलं नाही.

मधे एकदा फार बिघडलं, ऑडिटचे दिवस होते, झोप नाही, पाळी तोंडावर. पाळीच्या आधीचा आठवडा माझा दर महिन्यालाच वाईट असतो, नंतर मोकळं होतं. तेव्हा डॉक्टरांनी ल्युबिप्रोस्टोन दिलं, ८ मायक्रोग्रॅम, दोनदा, जेवणासोबतच घ्यायचं. हे आतड्याच्या अस्तरातून पाणी सोडवतं. उपाशीपोटी घेतलं तर मळमळ होते, जेवणासोबत पण पहिले काही दिवस झालीच. दिवस राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लिनाक्लोटाइड म्हणून दुसरं पण असतं, त्याने कळ सुद्धा कमी होते म्हणतात, मला लागलं नाही. काही महिन्यांनी ल्युबिप्रोस्टोन थांबवलं.

डॉक्टरांनी कमी डोसची डिप्रेशनवाली गोळी पण सुचवली होती, आतड्याचा तो मोठा झालेला आवाज कमी करायला. घरात गोंधळ झाला, आईचा सांगलीहून फोन, तुला काय वेड लागलंय का. या गोळ्या पोटदुखीसाठी वेगळ्या हिशोबाने देतात. फक्त त्यातली ॲमिट्रिप्टिलिन बद्धकोष्ठ वाढवू शकते, त्यामुळे आयबीएसच्या आमच्या प्रकारात निवड बघून करावी लागते. मी घेतली नाही, त्याऐवजी एका सायकॉलॉजिस्टकडे गेले, सीबीटी म्हणतात ते, म्हणजे बोलून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या. तिने मला एकच गोष्ट वारंवार करायला लावली, बाहेर निघताना संडास कुठे आहे हे शोधत न बसता निघायचं. त्याचा पोटाशी काय संबंध असं मलाही वाटलेलं. पण माझी निम्मी कळ तर घराबाहेर पडतानाच सुरू व्हायची.

आता कसं आहे तर बरं आहे, गेलेलं नाही. आयबीएस जात नाही, कमी जास्त होत राहतं. बहुतेक दिवस तीन-चार नंबर, एक दिवसाआड किंवा रोज. रोज झालंच पाहिजे असं काही नसतं, आठवड्यातून तीनदा ते दिवसातून तीनदा यातलं काहीही नॉर्मल धरतात, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. गणपतीत गावी गेलो तेव्हा चार दिवस मोदक, पाहुण्यांची रांग, एक संडास, अर्थातच बंद पडलं. पूर्वी असतं तर तिथेच कुणाच्या तरी डब्यातलं चूर्ण घेतलं असतं. आता पीईजीची पाकिटं बॅगेत असतात, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा घेतला, मागच्या बाजूला भारतीय पद्धतीचं होतं तिथे बसले, नाही झालं, उठले. तिसऱ्या दिवशी झालं, दोन नंबर. घरी येऊन आठवड्यात परत रांगेला लागलं.

जाऊबाई परवा विचारत होत्या तुझं ते पावडरचं नाव सांग गं, मला पण होत नाही. मी म्हटलं आधी टीएसएच करा, हिमोग्लोबिन करा, आणि दुखतं का ते सांगा. त्यांना दुखत नाही. वय बावन्न, आणि हे गेल्या दोन महिन्यातलं नवीन आहे. म्हणजे त्यांची गोष्टच वेगळी, या वयात नव्याने सुरू झालंय तर पावडर नंतर, पहिल्यांदा तपासणी. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये त्यांची, मी सोबत जाणार आहे.